लेबलावरचा निसर्ग

खोबरेल तेल खाण्याचे की डोक्याला लावण्याचे, या प्रश्नावर या देशात सुमारे दीड दशक कायदेशीर काथ्याकूट चालला होता. लहान बाटलीत भरलेले शुद्ध खोबरेल हे केशतेल समजून त्यावर जादा कर आकारावा, असे महसूल खात्याचे म्हणणे होते. ते खाद्यतेलच आहे, असे उत्पादक सांगत होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये या मुद्द्यावर मतभेद झाला. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, बाटली लहान आहे एवढ्यावरून खोबरेल हे केशतेल ठरत नाही. केशतेल म्हणून ते बाजारात आणले असेल, तरच ते केशतेल होय. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. हा निकाल लागून जेमतेम नऊ महिने होतात तोच, २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल, शाम्पू आणि साबणाच्या वड्या यांवरील करही ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ज्या फरकासाठी एवढी वर्षे कागद खर्ची पडले, तो फरकच पुढच्या काळापुरता नाहीसा झाला.

या सगळ्या खटाटोपात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. केशतेल म्हणून जे विकले जाते त्यात तेल कशाचे असते? बदाम, आवळा, ब्राह्मी, माका, जास्वंद अशी नावे धारण करणाऱ्या बाटल्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरांतली यादी भिंग घेऊन वाचली, तर त्यांतील अनेकींवर पहिले नाव आढळते ते ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ याचे. जमिनीतून उपसलेल्या खनिज तेलाचे शुद्धीकरण करताना हाती येणारा हा पदार्थ आहे. म्हणजे रॉकेल आणि डिझेल यांचा भाऊबंदच. चित्र बदामाचे, नाव बदामाचे. प्रत्यक्ष बदामाचे तेल यादीच्या तळाशी कोठेतरी. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण यादी छापलेली आहे. आणि कराच्या दृष्टीनेही काही फरक नाही, कारण केशतेल म्हणून विकले जाणारे खोबरेल आणि शुद्धीकरण कारखान्यातील पॅराफिन यांना एकाच दावणीला बांधून सरकार मोकळे झाले आहे.

‘तेल’ हा शब्द मुळात तिळावरून आलेला. पुढे करडई, शेंगदाणा, नारळ, एरंड यांच्या बियांतून निघणाऱ्या द्रवालाही तेच नाव मिळाले; आणि एकोणिसाव्या शतकात परदेशातून डब्यांत भरून दिव्याचे नवे तेल येऊ लागले, तेव्हा मराठीने ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ करून त्यालाही पंगतीला बसवले. त्या नावात निदान खडकाची खूण शिल्लक राहिली. मेणाच्या बाबतीत तीही उरली नाही. मेण म्हणजे मधमाशीच्या पोळ्याचे. कपाळावर कुंकू टिकावे म्हणून बायका आधी बोटाने मेण लावीत ते हेच, आणि फणेरपेटीत त्याला स्वतःची जागा असे. आज मेणबत्तीतले मेण बहुधा खनिज तेलातून काढलेले पॅराफिन असते. शब्द पोळ्याचा आणि वस्तू तेलविहिरीची. नाव तेच राहिल्यामुळे हा बदल कोणाच्या ध्यानातही आला नाही. बाटलीवरचे बदाम आणि आवळे याच मार्गाने आले आहेत. फरक एवढाच की, मेणाच्या बाबतीत जे भाषेच्या सवयीने घडले, ते येथे विचारपूर्वक घडवले जाते.

पेट्रोलियमने प्रसाधनांच्या धंद्यात शिरकाव कसा केला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल या गावी एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले. रॉबर्ट चीझब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ तेथे जाऊन पोचला. देवमाशाच्या तेलापासून दिव्याचे तेल काढणे हा त्याचा व्यवसाय होता आणि खनिज तेलामुळे तो बुडणार, हे त्याला दिसत होते. विहिरीच्या दांड्यांवर साचणारा मेणकट, काळसर थर यंत्रे अडवतो म्हणून कामगारांना नकोसा झाला होता. पण कापले किंवा भाजले की तेच कामगार तो जखमेवर चोपडीत. चीझब्रोने तो घेऊन शुद्ध केला, १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि त्याला ‘व्हॅसलिन’ असे नाव दिले. दांड्यावरचा मळ जगाच्या न्हाणीघरात गेला तो असा.

हे यश केवळ जाहिरातबाजीचे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्राण्यांची चरबी आणि वनस्पतींची तेले हवा लागून खवट होतात. पॅराफिन होत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, एका हंगामाचा माल दुसऱ्या हंगामापेक्षा निराळा निघत नाही, आणि इंधन काढताना ते ओघानेच मिळते म्हणून स्वस्त. ज्याला एकाच गुणाच्या लाखो बाटल्या भरायच्या आहेत, त्याला याहून सोयीचे द्रव्य सापडणे कठीण. शिवाय त्या काळी ‘नैसर्गिक’ पर्याय म्हणून काय उपलब्ध होते, हेही विसरता कामा नये. उंची मलमांमध्ये स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून काढलेले मेणासारखे द्रव्य घालीत, आणि सुगंधासाठी कस्तुरीमृग मारले जात. १९७० नंतर अमेरिकेने या देवमाशाच्या तेलाची आयात बंद केली, तेव्हा कोठे जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतल्या द्रवाकडे लोकांचे लक्ष गेले. त्वचा मऊ ठेवणारे स्क्वालिन दीर्घकाळ शार्क माशांच्या यकृतातून काढले जाई. ऑलिव्हपासून आणि उसाच्या साखरेपासून ते मिळवण्याची युक्ती नंतरची. निसर्गातून आले म्हणजे पवित्र झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी या यादीकडे एकवार पाहावे.

पेट्रोलियमजन्य घटकांविरुद्धच्या प्रचारात सर्वांत अधिक वापरले जाणारे हत्यार भीतीचे असते, आणि ते बोथट आहे. अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले कर्करोग उत्पन्न करतात, हे निर्विवाद. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत चात्यांना घातलेले तेल अंगावर उडून सूत कातणाऱ्या कामगारांना कातडीचा कर्करोग होई, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशी तेले पहिल्या, म्हणजे निश्चित घातक गटात घातली आहेत. परंतु उत्तम शुद्ध केलेल्या तेलांना तिने त्या गटात बसवलेले नाही. युरोपीय संघाचा नियमही याच दिशेचा आहे. पेट्रोलियम जेलीच्या शुद्धीकरणाचा संपूर्ण इतिहास सांगता आला पाहिजे आणि मूळ द्रव्य कर्करोगकारक नाही हे दाखवता आले पाहिजे, तरच ती प्रसाधनात वापरता येते. म्हणजे प्रश्न शुद्धतेचा आणि तिच्या पुराव्याचा आहे.

ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बालकांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. अंगाला काहीच न लावलेल्या बालकांच्या तुलनेत, सूर्यफुलाचे तेल लावलेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण २६ टक्क्यांनी आणि पेट्रोलियम जेलीचे मलम लावलेल्या बालकांतील प्रमाण ३२ टक्क्यांनी घटले होते. कोवळ्या कातडीचे रक्षण दोन्ही पदार्थांनी केले. त्यांतील एक तेलविहिरीतून आला होता आणि दुसरा शेतातून. शेतातला पदार्थ गल्लीतल्या वाण्याकडे मिळतो, हे त्याचे मोठे बळ खरे; पण दुसऱ्याला विष म्हणण्याचा अधिकार त्यावरून कोणास मिळत नाही. उलट, १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन साठावर माणसे दगावली. ती दोन्ही तेले शंभर टक्के नैसर्गिक होती!

पेट्रोलियमची बचत हाही या वादातला भक्कम मुद्दा नव्हे. जगात उपसल्या जाणाऱ्या खनिज तेलाचा फार किरकोळ अंश मलमे आणि केशतेले यांत जातो. उद्या सर्वांनी पॅराफिन सोडले, तरी एकही विहीर त्यामुळे बंद पडणार नाही. मग वनस्पतिजन्य पर्यायांचा आग्रह धरावयाचा तो कशासाठी? दोन कारणांसाठी. एक तर ग्राहक जे समजून पैसे मोजतो ते त्याला मिळाले पाहिजे. दुसरे असे की, या पर्यायांमागे शेतकरी आणि जंगलात राहणारी माणसे उभी आहेत. पॅराफिनमागे शुद्धीकरण कारखान्याचे उपउत्पादन.

पहिल्या कारणाला शास्त्राचाही आधार आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांचा केसांवर होणारा परिणाम तपासून पाहिला. धुताना आणि विंचरताना केसातील प्रथिनाचा जो ऱ्हास होतो, तो खोबरेलाने लक्षणीय कमी झाला. बाकीच्या दोन तेलांनी झाला नाही. खोबरेलातील मुख्य घटक लॉरिक आम्ल हा आकाराने लहान आणि सरळ रचनेचा असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो; खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही, ते वरच्यावर राहते. हे संशोधन मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाले, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे. तथापि त्यातील कारणमीमांसा रसायनशास्त्राला धरून आहे. पॅराफिन केसाला चकाकी देते, गुंता सोडवते, चिकट होत नाही. एवढ्यासाठीच ते कोणाला हवे असेल तर त्याने खुशाल घ्यावे. परंतु आजीने डोक्यावर थापलेले तेल आणि हे तेल एकच, अशी समजूत करून देऊन ते विकणे ही वेगळी गोष्ट झाली.

दुसऱ्या कारणाकडे वळताना मात्र जरा सावधपणे पावले टाकावी लागतात. कारण ‘पेट्रोलियमविरहित’ ही पाटी लावून जे येते ते शेतकऱ्याच्या दारातून येतेच असे नाही. शाम्पूला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट खनिज तेलापासूनही करता येते आणि नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनही. दुसऱ्या प्रकाराला ‘नारळापासून बनवलेले’ असे म्हणून मिरवता येते. परंतु रेणू तोच, आणि डोळ्यांत गेल्यावर झोंबणेही तेच. शिवाय नारळाचे नाव पुढे करून प्रत्यक्षात वापर बहुधा पामच्या गराचा होतो, कारण तो स्वस्त पडतो. जगातील पामतेलापैकी सुमारे ८५ टक्के इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते, आणि त्या लागवडीसाठी तेथील वर्षावनाची काय दशा झाली, हे आता सर्वज्ञात आहे. भारत हा त्या तेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने तीन-चार आठवडे निर्यात थांबवली, तेव्हा येथील स्वयंपाकघरापासून साबणाच्या कारखान्यापर्यंत सर्वांची तारांबळ उडाली. जो देश आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्याने पॅराफिनच्या जागी सरसकट खाद्यतेल घालावे असे सांगणे म्हणजे आखाताचे दार सोडून जाकार्ताच्या दारात उभे राहणे होय. आणि त्यातून महागाईचा भार पडेल तो फोडणीवर.

म्हणूनच, जी ताटात येत नाहीत किंवा फारच थोडी येतात, अशा तेलबियांकडे पाहणे अगत्याचे आहे. निसर्गाने या बाबतीत महाराष्ट्राला आणि गोव्याला कमी दिलेले नाही. कोकमाचे सरबत आणि आमसुले सर्वांना ठाऊक; पण फळाच्या बियांतून निघणारे कोकमतेल कोकणात पिढ्यान्‌पिढ्या टाचांच्या भेगांना लावतात. ते एरवी घट्ट असते आणि अंगाच्या उबेने विरघळू लागते. नेमका हाच गुण मलमाला घट्टपणा देण्यासाठी लागतो, आणि पेट्रोलियम जेलीने आजवर तो पुरवला. परदेशातील प्रसाधनांच्या दुकानांत ‘कोकम बटर’ आज भाव खाते. इकडे आगळ-आमसुले करून झाल्यावर बियांचे पुढे काय होते, याची चौकशीही फारशी होत नाही. उंडीच्या झाडाची कथा याहूनही चमत्कारिक. कोकणच्या किनाऱ्यावर या झाडाच्या बियांचे तेल दिव्यात जळे आणि दुखऱ्या सांध्यांना चोळले जाई. हेच तेल ‘तमानू’ असे पॅसिफिक बेटांवरचे नाव घेऊन येते, तेव्हा बोटभर बाटलीला शेकड्यांनी रुपये पडतात. विदर्भातील मोह, मध्य भारतातील साल, सर्वत्र आढळणारा करंज यांच्या बियांतही तेल आहे. मोहाचे तेल तर आदिवासींच्या घरी खाण्यालाही लागते आणि थंडीत अंगालाही. त्यामुळे कारखान्याची मागणी वाढली तरी घरची गरज आधी भागली पाहिजे, हे पथ्य येथे पाळावेच लागेल.

या बिया वेचणाऱ्यांना काय मिळते? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी गावकऱ्यांना दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून, बांबूच्या बाबतीत ही मालकी म्हणजे काय ते दाखवून दिले. २०१३-१४ पासून मोह, साल आणि करंज यांच्या बियांना केंद्राने किमान आधारभावही लागू केला. कागदावर हे सारे ठीक आहे. परंतु आधारभावाला अर्थ येतो तो गावाजवळ खरेदी केंद्र असेल आणि हंगामात ते उघडे असेल तर. अन्यथा पावसाच्या तोंडावर ज्याच्या घरात पैसा नाही, तो आठवडी बाजारात व्यापारी देईल तो भाव पदरात पाडून घेतो. एरंडेलाची गोष्ट जरा मोठ्या प्रमाणावर हेच सांगते. जगाला लागणाऱ्या एरंडेलापैकी बहुतांश भारतात, त्यातही गुजरातेत, होते. लिपस्टिकचा तो जुना आधार. पण आपण प्रामुख्याने तेल विकतो आणि त्यापासून होणारी किमती रसायने इतरांना करू देतो. एरंडेलापासून निघणाऱ्या सेबॅसिक आम्लाचा सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे. कोकम आणि उंडी यांचेही असेच होऊ द्यायचे की घाणे, गाळणी आणि तपासणीच्या प्रयोगशाळा सिंधुदुर्गात आणि गडचिरोलीत उभ्या करायच्या, हा निर्णय जाहिरात कंपन्या घेणार नाहीत. तो सरकारला आणि सहकारी संस्थांना घ्यावा लागेल. साखरेसाठी ज्या राज्याने सहकाराचा एवढा मोठा पसारा मांडला, त्याला कोकमाच्या बियांसाठी थोडीशी कल्पकता दाखवणे अवघड पडू नये.

मागणी वाढली की जंगलाचे भले होते, असाही भाबडा समज नको. चंदनाची मागणी काही कमी नव्हती. तिनेच भारतीय चंदनाला जगाच्या संकटग्रस्त वृक्षांच्या यादीत नेऊन बसवले, आणि आज याच चंदनाच्या मोठ्या लागवडी ऑस्ट्रेलियात उभ्या आहेत. शिकेकाईच्या शेंगा तोडण्याऐवजी वेलच ओरबाडला जाऊ लागला, तर तिचीही गत वेगळी होणार नाही. वेचणाऱ्याचा जंगलावर हक्क असेल तर तो पुढच्या वर्षाचा विचार करतो. ठेकेदाराचा माणूस तो करीत नाही.

शिकेकाईचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. शिकेकाई, रिठा, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा यांची आठवण निघाली की अनेकांचा कंठ दाटून येतो, विशेषतः ज्यांना शिकेकाई कधी कुटावी आणि उकळावी लागली नाही, त्या पुरुषांचा. बायकांनी ती सोडली, ती पाश्चात्त्यांच्या अनुकरणापायी नव्हे. सकाळची लोकल गाठायची असताना लांब केसांतून शिकेकाईचा चोथा काढत बसायला वेळ नव्हता म्हणून. रुपया-दोन रुपयांच्या पुडीने कष्टकरी बाईला सोय दिली, हे मान्य करून मगच त्या पुडीबद्दल बोलावे. आणि बोलायचेच तर आतल्या द्रवाबरोबर बाहेरच्या वेष्टनाबद्दलही बोलावे. ‘वनौषधीयुक्त’ शाम्पूची पुडी स्वतः प्लॅस्टिकची, म्हणजे पेट्रोलियमचीच असते, आणि आतला माल संपल्यावर ती गटारात जाऊन पडते. नैसर्गिक पर्याय हवा असेल तर तो आजच्या घरातल्या आजच्या वेळापत्रकात बसणारा हवा. पाट्या-वरवंट्याकडे परत जाण्याचा सल्ला हा पर्याय होऊ शकत नाही.

तो पर्याय टिकावू करणे हेही सोपे काम नाही. वनस्पतींचे तेल खवट होते, पाणी घातले की त्यात बुरशी धरते. त्यासाठी संरक्षक द्रव्य लागते, आणि ‘रसायनविरहित’ या शब्दाची पंचाईत येथेच होते. ग्रेपफ्रूट या फळाच्या बियांचा अर्क हा नैसर्गिक जंतुनाशक म्हणून परदेशात पुष्कळ खपला. तपासणीत असे आढळले की, ज्या नमुन्यांना जंतू मारण्याची शक्ती होती त्यांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम द्रव्येच होती. ज्यात ती नव्हती, त्या अर्काने काही केले नाही.

आता नियमांचे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या घटकांना तो क्रमही लागू नाही. प्रमाण किती, हे सांगण्याचे बंधन नाही. त्यामुळे ज्या बदामाने दर्शनी बाजू व्यापली आहे तो आत थेंबभर आहे की ओंजळभर, हे कळण्यास मार्ग नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून पर्यावरणाच्या नावाने केलेले ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘सेंद्रिय’ असे दावे पुराव्यावाचून करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु पुरावा कशाला म्हणायचे? आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६-१७ मध्ये नैसर्गिक घटकांच्या व्याख्या ठरवल्या; त्यांत निम्म्याहून अधिक भाग नैसर्गिक मूळाचा असलेले प्रक्रिया केलेले द्रव्यही ‘निसर्गजन्य’ गटात बसते, आणि पाण्यालाही नैसर्गिक धरून आकडा काढता येतो. ज्या शाम्पूत तीन चतुर्थांश पाणी आहे, त्याला मोठा आकडा मिरवायला फारसे कष्ट पडू नयेत.

खरे पाहता, याहून चोख मोजमाप उपलब्ध आहे. सजीवांच्या शरीरात कार्बन-१४ हे किरणोत्सर्गी द्रव्य अल्प प्रमाणात असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून असलेल्या खनिज तेलात त्याचा मागमूसही उरलेला नसतो. त्यामुळे बाटलीतल्या द्रव्यातील किती कार्बन शेता-रानातला आणि किती तेलविहिरीतला, हे प्रयोगशाळेत निश्चित सांगता येते. अमेरिकेच्या कृषी खात्याची वनस्पतिजन्य मालाला प्रमाणपत्र देण्याची योजना याच मापनावर चालते. ही चाचणी खोबरेल आणि पामतेल यांत भेद करू शकत नाही, ही तिची मर्यादा. पण पॅराफिनला बदाम म्हणवून घेण्याची वाट ती बंद करते.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. केशतेल, बाळाचे तेल आणि मलम यांच्या बाटलीवर पुढच्या बाजूला, ग्राहकाच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरात, मूळ तेल कोणते आणि ते किती टक्के एवढे छापले जावे. ‘खनिज तेल ७० टक्के, बदाम तेल १ टक्का’ असे वाचूनही ज्याला ती बाटली घ्यावीशी वाटेल, त्याने ती अवश्य घ्यावी. उद्योगांनी याला भिण्याचे कारण नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण काढला, तेव्हा साबणात काय आहे आणि काय नाही हे उघडपणे सांगणे हेच त्या मालाचे भांडवल ठरले. जे आज खरोखर कोकम, करंज किंवा खोबरे वापरतात, त्या लहान उद्योगांना तर अशा नियमाचा फायदाच होईल. कारण सध्या त्यांची स्पर्धा चित्रातल्या बदामाशी आहे. कराच्या बाबतीतही विचार व्हावा. ज्या बाटलीतला मुख्य घटक वनस्पतीचा आहे तिला ५ टक्क्यांची सवलत आणि ज्या बाटलीत तो खनिज आहे तिला अधिक दर, असा भेद केला, तर दीड दशकाच्या त्या कोर्टकचेरीचे काही तरी फलित निघेल.

अशा नियमाची अंमलबजावणी अशक्य आहे, असे सांगितले जाण्याचा संभव आहे. २०२५ साली केरळात खोबरेलाचा किरकोळ भाव किलोला ४०० रुपयांच्या पुढे गेला. अशा दिवसांत महाग तेलात स्वस्त पॅराफिन मिसळण्याचा मोह वाढतो, तेव्हा तपासणी ही अशीही करावीच लागणार. कार्बन-१४ चे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात असू शकणार नाही, हे खरे. परंतु भेसळ पकडण्यासाठी त्याची गरजही नाही. वनस्पतीचे कोणतेही तेल अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळले की त्याचा साबण होतो आणि तो पाण्यात स्वच्छ विरघळतो. खनिज तेलाचा साबण होत नाही, आणि पाणी घालताच मिश्रण गढूळ दिसते. होल्डे चाचणी या नावाने ही रीत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तिला एक चंबू, एक शेगडी आणि काही मिनिटे पुरतात, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत ती करता येते.